साखरेच्या राज्यातला बेपत्ता माणूस

जानेवारी 1955 मध्ये मद्रासजवळ आवडी इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव मंजूर झाला. पुढं 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं ‘समाजवादी’ हे विशेषण संविधानाच्या उद्देशिकेतही आलं. या दोन तारखांच्या मधल्या काळात महाराष्ट्राच्या खेड्यात काय काय घडलं, ते सरकारी कागदांत व्यवस्थित नोंदलेलं आहे. कुळकायद्यात दुरुस्ती झाली, कमाल जमीनधारणेचा कायदा झाला, सहकारी साखर कारखाने उभे राहिले, 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पण गावात खुर्चीवर कोण बसायला लागलं, ओसरीच्या खाली कोण उभंच राहिलं, कोणाला नावापुढं ‘साहेब’ लागलं आणि कोणाचं नाव घेतल्यावर माणसं विषय बदलायला लागली, याची नोंद कुठल्याही योजनेच्या अहवालात मिळत नाही. ती मराठी कथापटांत मिळते. हे पुस्तक त्या नोंदीचा मागोवा घेण्यासाठी लिहिलं आहे.

भारत समाजवादी देश होता का, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्त आहे. पोलंड, हंगेरी किंवा क्यूबा ज्या अर्थानं समाजवादी होते, त्या अर्थानं आपण कधीच नव्हतो. आपल्याकडे निवडणुका होत्या, खाजगी गिरण्या होत्या, वर्तमानपत्रं होती. तरीही महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या रोजच्या जगण्यात समाजवादाचा एक अवतार खरोखर शिरला, आणि त्याचं नाव सहकार. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला उभा केलेला कारखाना 1950 साली सुरू झाला. शेतकऱ्यांनी भागभांडवल घालायचं, शेतकऱ्यांनीच संचालक निवडायचे, नफा वाटून घ्यायचा, त्यातून शाळा आणि दवाखाने काढायचे, ही कल्पना थोर होती. ती पुष्कळ प्रमाणात खरीही झाली. सावकाराच्या ओट्यावर डोकं टेकायची वेळ ज्यांच्या बापांवर आली, त्यांची पोरं इंजिनिअर झाली. हे नाकारून मराठी चित्रपटाकडे पाहिलं तर त्यातला सगळा राग अनाठायी वाटेल. मोठं स्वप्न दाखवलेलं असतं तिथंच फसवणुकीची चीड येते.

त्या स्वप्नाच्या आधीचं गाव पाहायचं तर बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’पर्यंत, म्हणजे 1925 पर्यंत मागं जावं लागतं. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा हा मूकपट. नारायण हरी आपट्यांची कथा, आणि शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. खोट्या कागदावर जमीन जाते, शेतकरी शहरात येतो, गिरणी कामगार होतो. अंधारात बुडालेली झोपडी आणि तिच्यापाशी गळा काढणारं कुत्रं, एवढ्याच एका दृश्याची आठवण जाणकारांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली आहे. पौराणिक देखाव्यांनी भरलेल्या त्या काळच्या पडद्यावर कर्जात बुडालेल्या माणसाचं घर दिसलं, ही साधी घटना नव्हती. पुढच्या राज्यकर्त्यांनी सहकारी सोसायटी आणली ती याच झोपडीच्या नावानं.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांतले ग्रामीण चित्रपट या पुस्तकात फार थोड्या पानांत आटोपले आहेत. अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ (1959) पुण्याच्या विजयानंदमध्ये अडीच वर्षं चालला. त्यातला माजलेला पाटील आणि सूड घेणारी तमासगीर स्त्री यांनी पुढच्या कितीतरी चित्रपटांचा साचा ठरवून दिला. पण तो पाटील जुना आहे. त्याची सत्ता वतनाची, जमिनीची, लाठीची. बाहेर ग्रामपंचायती, सोसायट्या, मतपेट्या आल्या तरी पडद्यावरचा पाटील बरीच वर्षं फेटा आणि मिशीतच अडकून राहिला. ‘एक गाव बारा भानगडी’पासून (1968) मात्र गावातलं राजकारण आतून ओळखणारा लेखक, शंकर पाटील, चित्रपटाला मिळाला, आणि निळू फुले नावाचा नटही.

निळू फुले यांच्यापाशी थोडं थांबलं पाहिजे. ते राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आले. सेवा दल ही 1941 साली उभी राहिलेली समाजवाद्यांची संघटना. गावोगाव कलापथकं न्यायची, वगनाट्यातून हुंडा, जात, अंधश्रद्धा यांवर बोलायचं, हे तिचं काम. राम नगरकर आणि दादा कोंडके यांचीही सुरुवात याच परंपरेत झाली. स्मिता पाटील सेवा दलाच्याच घरात वाढल्या. मराठी चित्रपटाला समाजवाद पुस्तकातून कळला नाही, तो या नटांच्या अंगातून आला, असं माझं ठाम मत आहे. मरेपर्यंत समतेच्या चळवळीत पैसे आणि वेळ घालणारा निळू फुले हा माणूस पडद्यावर सहकारी सत्तेचा सर्वांत भयंकर चेहरा झाला. त्यात त्यांना अडचण वाटली असेल असं मला दिसत नाही. ज्यानं गाव जवळून पाहिलं आणि ज्याला त्याची काळजी होती, त्यालाच त्या सत्ताधाऱ्याचं मऊ बोलणं, डोळे किलकिले करून ऐकणं, पाठीवर हात ठेवून धमकी देणं इतकं अचूक साधलं.

‘पिंजरा’ (1972) हा शांतारामबापूंचा चित्रपट लोकांना लावण्यांसाठी आठवतो. मला तो एका पुतळ्यासाठी महत्त्वाचा वाटतो. गाव सुधारणारे, व्यसनं सोडवणारे गुरुजी तमासगिरणीच्या नादी लागतात, एका खुनानंतर गाव त्यांनाच मेलेले समजतं आणि त्यांचा पुतळा उभारतं. शेवटी स्वतःच्याच खुनाचा आरोप डोक्यावर घेऊन गुरुजी गप्प राहतात, कारण लोकांच्या मनातला आदर्श मोडू नये. कथेचं मूळ परदेशी असेल, पण ते गुरुजी मात्र अस्सल इथले आहेत. त्या काळात शाळामास्तर हाच गावातला नव्या व्यवस्थेचा पहिला प्रतिनिधी होता. साक्षरता, मतदारयादी, कुटुंबनियोजन, शिरगणती, सगळी कामं त्याच्याच गळ्यात पडत. ही भूमिका डॉ. श्रीराम लागूंनी केली. तीनच वर्षांनी लागू पुन्हा मास्तर झाले. या वेळी मास्तर फाटका, दारुडा, स्वातंत्र्यलढ्यातून आलेला आणि कुठंच न रुजलेला होता.

हा ‘सामना’. जब्बार पटेल दिग्दर्शक, विजय तेंडुलकर लेखक, चित्रकलेचे शिक्षक असलेले कवी रामदास फुटाणे निर्माते. 1975 च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत हा चित्रपट होता. या पुस्तकाचं सर्वांत मोठं प्रकरण त्याच्यावर आहे. कथानक दोन ओळींत सांगता येतं. एक भणंग मास्तर साखर कारखान्याच्या गावात येऊन पडतो. कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) त्याला उचलून आपल्या घरी आणतात, खाऊपिऊ घालतात. आणि मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढं काय झालं, एवढा एक प्रश्न मास्तर विचारत सुटतो.

मोठा पराक्रम तेंडुलकरांनी हिंदुरावांच्या बाबतीत केला आहे. हिंदुराव खलनायक म्हणून येत नाहीत. ते कर्ते आहेत. त्यांनी माळरानावर कारखाना आणला, रस्ता आणला, वीज आणली, आणि त्याचा त्यांना खराखुरा अभिमान आहे. मास्तराबद्दल त्यांना जिव्हाळाही वाटतो. सत्तेनं वेढलेल्या माणसाला बरोबरीनं बोलणारा कोणीतरी हवा असतो, आणि या दारुड्याला काहीच नको असल्यानं तोच एकटा बरोबरीचा ठरतो. दोघं समोरासमोर बसून पितात ते प्रसंग पुन्हा पाहावेत. लागूंचा आवाज वर जात नाही, निळूभाऊंचा तर अजिबात नाही. मास्तर जे विचारतो त्याचं उत्तर दोघांनाही ठाऊक आहे. तरी विचारायचं, टाळायचं, पेला भरायचा, हे चालू राहतं. बाहेर गावात ज्याला विचारावं त्याची नजर खाली जाते. दहशत दाखवायला तेंडुलकर-पटेलांना फारशी बंदूक लागली नाही, माणसांचं गप्प होणं पुरेसं झालं.

आणि बेपत्ता माणसाचं आडनाव कांबळे आहे. चित्रपट जातीचा उल्लेख करून थांबत नाही. पण महाराष्ट्रात हे आडनाव ऐकल्यावर प्रेक्षकाला आणखी काही सांगावं लागत नाही. सहकाराच्या सभासद-यादीत ज्यांचं नाव यायला आधी सातबारा लागतो, त्या यादीबाहेरचा हा माणूस. समाजवादाच्या नावानं उभारलेल्या संस्थेत जमीन असलेले आत आले आणि जमीन नसलेले बाहेर राहिले, हे अर्थशास्त्रज्ञांनी तक्त्यांतून मांडलं असेल. ‘सामना’नं ते एका नावात मांडलं.

असाच बेपत्ता माणूस शोधणारा आंद्रेय वायदाचा ‘मॅन ऑफ मार्बल’ पोलंडमध्ये 1977 साली पडद्यावर आला. अग्न्येश्का ही चित्रपट शिकणारी मुलगी एका गवंड्याचा शोध घेत निघते. बिर्कुट हे त्याचं नाव. पन्नासच्या दशकात नोव्हा हुता हे कामगारांचं नवं शहर बांधताना एका पाळीत विक्रमी विटा रचून तो कामगारांचा आदर्श वीर झालेला. त्याचा संगमरवरी पुतळा झाला, त्याच्यावर प्रचारपट निघाला. मग एक दिवस कोणीतरी त्याच्या हातात तापलेली वीट दिली, हात भाजले, पुढं तो व्यवस्थेच्या मर्जीतून उतरला आणि दिसेनासा झाला. आता पुतळा संग्रहालयाच्या तळघरात आडवा पडला आहे आणि बिर्कुटबद्दल विचारलं की लोक विषय बदलतात. पटकथा साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच लिहिलेली होती, पण चित्रपट व्हायला कितीतरी वर्षं थांबावं लागलं. बिर्कुटचा शेवट कसा झाला, हे तर 1981 च्या ‘मॅन ऑफ आयर्न’मध्येच उघड सांगता आलं.

‘सामना’ आणि ‘मॅन ऑफ मार्बल’ यांच्या कर्त्यांनी एकमेकांचं काही पाहिलं होतं, असा माझा दावा नाही. दोन वर्षांच्या अंतरानं, दोन दूरच्या देशांत, समतेची भाषा बोलणाऱ्या राज्याला कलावंतांनी तोच प्रश्न विचारला: तुम्ही ज्याच्या नावानं हे सगळं उभारलं, तो माणूस कुठं आहे? वॉर्सॉत तो प्रश्न कॅमेरा घेतलेल्या मुलीनं विचारला, साखरपट्ट्यात दारुड्या मास्तरानं. ज्याला नोकरी नाही, घर नाही, निवडणूक लढवायची नाही, तोच तो विचारू शकत होता.

पैशाची बाजूही पाहायला हवी. पोलंडमध्ये वायदाला पैसा राज्यानंच दिला, कारण चित्रपट काढणारं दुसरं कोणी नव्हतं. म्हणून तिथं भांडण परवानगीचं होतं. आपल्याकडे मराठी निर्माता घरचे दागिने गहाण टाकून चित्रपट काढत होता. सत्तरच्या दशकात राज्य सरकारनं करमणूक कर परत देण्याची योजना आणली तेव्हा कुठं त्याला थोडा दम मिळाला. परवानगीचा प्रश्न आपल्याकडे नव्हताच असंही नाही. आणीबाणीत ‘किस्सा कुर्सी का’ या हिंदी चित्रपटाच्या प्रती जाळल्या गेल्या, हे विसरून चालणार नाही. तरी एकंदरीत मराठी दिग्दर्शकाला सेन्सॉरपेक्षा वितरकानं जास्त छळलं.

पूर्व युरोपचे चित्रपट इथं येत ते फिल्म सोसायट्यांतून. मुंबईत 1968 साली प्रभात चित्र मंडळ सुरू झालं, पुण्यात त्याआधीच, 1964 पासून, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय होतं. परदेशी वकिलातींकडून आलेल्या प्रती सोसायट्या दाखवत, आणि पोलिश, चेक, हंगेरियन चित्रपटांवर एक मराठी पिढी पोसली गेली. आमच्या मराठवाड्यातली तरुण मंडळी असं काही पाहायचं तर पुण्या-मुंबईची गाडी धरत. आज अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव छत्रपती संभाजीनगरात भरतो, चंद्रकांत कुलकर्णींसारख्या इथूनच नाटक शिकून गेलेल्या दिग्दर्शकानं त्याची धुरा वाहिली आहे, तेव्हा हा बदल किती मोठा आहे ते जुन्या प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही.

‘सिंहासन’ (1979) बद्दल इतकं लिहून झालं आहे की इथं थोडक्यात उरकतो. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांचीच पटकथा, पटेलांचंच दिग्दर्शन. हिंदुराव झालेले निळूभाऊ इथं दिगू टिपणीस हा पत्रकार झाले. सगळं पाहणारा, सगळं कळणारा आणि काहीच न करू शकणारा. कारखान्याच्या गावातली सत्ता मंत्रालयात पोचल्यावर कशी दिसते, हे त्यात दिसतं. मला स्वतःला ‘उंबरठा’ (1982) जास्त जवळचा वाटतो. शांता निसळांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा हा चित्रपट निराधार स्त्रियांच्या वसतिगृहात घडतो. कल्याणकारी राज्याची ती एक शाखाच. नियम आहेत, अनुदान आहे, समिती आहे, तपासणी आहे. आतल्या बाईला काय हवं, हे विचारणारी मात्र एकटी अधीक्षिका आहे. स्मिता पाटील यांनी ती केली. कल्याण करणाऱ्या संस्थेला ज्याचं कल्याण करायचं त्या माणसाचीच अडचण व्हायला लागते, ही गोष्ट इतक्या शांतपणे मराठीत दुसऱ्या कुणी दाखवली नाही.

आता आमच्या भागाबद्दल. या पुस्तकाची खरी निकड मला इथूनच जाणवली. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सरंजामशाहीतून सुटून तो थेट योजनांच्या युगात आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली इथं महाविद्यालय काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं, आणि शेतमजुरांची पोरं पदवीधर होऊ लागली. 1958 साली विद्यापीठ आलं. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, पैठणच्या वर गोदाकाठची गावं पाण्याखाली गेली. 1972 चा दुष्काळ पडला, लाखो माणसं खडी फोडायला रस्त्यावर बसली, सुकडी खाऊन जगली, आणि त्यातून रोजगार हमीचा कायदा जन्मला. त्यात काम मागण्याचा हक्क होता, आणि असा हक्क देशात आधी कुठं नव्हता. समाजवादी म्हणवणाऱ्या कोणत्याही राज्याच्या इतिहासात ही पानं ठळक दिसली असती.

यातलं मराठी पडद्यावर किती आलं? जवळपास काहीच नाही. जायकवाडीवर लक्षात राहील असा कथापट नाही. खडी केंद्रावर नाही, ऊसतोडीवर नाही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या बीडच्या टोळ्या ट्रकमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, पाचटाच्या कोपीत संसार मांडला जातो, पोरांची शाळा सुटते ती सुटतेच. ‘सामना’च्या कारखान्यात गाळलेला ऊस कोणी तोडला, हा प्रश्न मास्तरालाही सुचला नाही. म्हणून मी म्हणतो, मारुती कांबळेच्या मागं आणखी हजारो माणसं बेपत्ता आहेत.

मराठवाडा पडद्यावर आल्याचा एक अपवाद आहे आणि तो अंगावर काटा आणणारा आहे. परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या हत्याकांडांचा आधार घेऊन अमोल पालेकरांनी 1981 साली ‘आक्रीत’ केला, लेखन पुन्हा तेंडुलकरांचंच. गुप्तधनासाठी मुलींचे, बायकांचे बळी. पैसा, जमीन आणि राजकीय वट असलेला माणूस आणि त्याला हवा असलेला वारस यांच्या भोवतीचं ते जग. गावात वीज आणि बँक आली म्हणून माणसाच्या मनातला अंधार आपोआप जात नाही, हे ‘आक्रीत’नं नियोजनाच्या तीस वर्षांनंतर बजावलं.

नामांतराचं काय? 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना ठार मारलं गेलं. पडद्यावरच्या मारुती कांबळेनंतर तीनच वर्षांनी. ज्या प्रेक्षकानं ‘सामना’ला टाळ्या वाजवल्या, त्याच प्रेक्षकाच्या गावात हे झालं. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षाच्या ‘मुक्ता’मध्ये जब्बार पटेलांनी पाटलाच्या घरची, अमेरिकेतून आलेली मुलगी आणि दलित कवी यांचं प्रेम मांडलं. चित्रपट सद्‌हेतूचा आहे, सोनाली कुलकर्णींनी जीव ओतला आहे. पण त्यात युक्तिवाद फार आहे, माणसं कमी. सोळा वर्षांच्या त्या लढ्यावर, त्यातल्या लाँग मार्चवर, तुरुंगात गेलेल्या पोरींवर मोठ्या पडद्याचा मराठी कथापट आजही मनात ठसलेला नाही, ही आपल्या सगळ्यांची उणीव आहे.

मराठवाड्याची बोली मात्र पडद्यावर आली. मकरंद अनासपुरे यांनी ती आणली आणि महाराष्ट्रानं ती डोक्यावर घेतली. पण बहुतेक वेळा हसायला म्हणून. त्या बोलीत रडताही येतं, रागावताही येतं, हे दाखवायचं काम अजून पुरं झालेलं नाही.

शेवटची प्रकरणं 1991 नंतरच्या काळातली आहेत. योजना आयोगाचा दरारा संपला, सहकारी कारखाने आजारी पडले, काही विकले गेले. गिरणगाव तर 1982 च्या संपातच संपलं होतं, आणि त्या संपाचा हिशेब महेश मांजरेकरांच्या ‘लालबाग परळ’नं 2010 साली जयंत पवारांच्या नाटकाच्या आधारानं मांडला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘वास्तुपुरुष’ (2002) मागं वळून कुळकायद्यानंतरच्या एका देशपांडे वाड्याकडे पाहतो. जमीन गेलेल्यांचं दुःख आणि ती का जायला हवी होती याची जाणीव, दोन्ही एकाच घरात राहतात. जमीनसुधारणेवर इतका समजूतदार चित्रपट मराठीत दुसरा नाही.

पण खरा पालट ‘फँड्री’नं (2013) केला. तोवर यादीबाहेरच्या माणसाबद्दल दुसरे बोलत होते. नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, आणि त्यांनी कॅमेरा आतून लावला. दोनच जागा दाखवतो. जब्या या शाळकरी पोराचं कुटुंब डुकराच्या मागं धावतंय, डुक्कर हाताशी आलंय, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि डुक्कर निसटतं. मग पकडलेलं डुक्कर काठीला बांधून ते कुटुंब नेतं तेव्हा मागच्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, शाहू महाराज, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रं आहेत. भिंत शाळेची आहे. घोषणा केलेलं राज्य आणि जगायला मिळालेलं राज्य एकाच चौकटीत दिसतात, एक शब्द न बोलता. ‘पिंजरा’तल्या गुरुजींचा पुतळा आठवा आणि ही भिंत पाहा. चाळीस वर्षांत आपण आदर्शांची चित्रं वाढवली.

मास्तरांचं काय झालं, तेही मंजुळ्यांनीच दाखवलं. ‘सैराट’मध्ये (2016) पाटलाचा पोरगा प्रिन्स वर्गात लोखंडे सरांच्या कानाखाली वाजवतो. पोरं बघत राहतात. 1972 मध्ये ज्याचा पुतळा उभारावासा गावाला वाटला, 1975 मध्ये ज्याला पाटलानं निदान पाहुणा म्हणून घरात ठेवलं, तो मास्तर 2016 मध्ये भर वर्गात मार खातो. ग्रामीण महाराष्ट्रातल्या सत्तेचा इतका अचूक आलेख मला कुठल्या समाजशास्त्राच्या ग्रंथात सापडलेला नाही.

आणि कांबळे परत येतो. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मध्ये (2014) शाहीर नारायण कांबळेंवर खटला चालतो. त्यांच्या गाण्यामुळं एका सफाई कामगारानं मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली, असा आरोप. नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी ही भूमिका केली. पण चित्रपटाचा गाभा त्या कामगाराच्या बायकोच्या साक्षीत आहे. नवरा गटारात उतरण्याआधी खडा टाकून बघायचा, झुरळं वर आली तर आत हवा आहे असं समजायचा. न्यायालय ते टंकलेखकाला सांगतं, टंकलेखक टाइप करतो, आणि खटला पुढच्या तारखेला जातो. मारुती कांबळेचं काय झालं ते 1975 मध्ये कोणी सांगत नव्हतं. आता सगळं सांगितलं जातं, नोंदलंही जातं. त्यानं काही फरक पडतो का, हे ‘कोर्ट’ आपल्याला विचारतो.

या पुस्तकात काय नाही तेही सांगायला हवं. विनोदी चित्रपटांची लाट, ऐंशीच्या दशकातली, मी बाजूला ठेवली आहे. तिच्यातही समाज आहे, पण तो शहरी भाडेकरूंचा आणि बेकार तरुणांचा आहे, त्याला वेगळं पुस्तक लागेल. हिंदी समांतर चित्रपटांना तुलनेपुरतंच घेतलं आहे. चित्रपटांची गोष्ट जिथं पूर्ण सांगितली आहे तिथं ती नाइलाजानं, कारण यातले काही चित्रपट आज सहज पाहायला मिळत नाहीत. चांगल्या प्रती शोधून जतन करणं ही आता निकडीची गोष्ट झाली आहे.

वाचकांना एवढीच विनंती की ‘सामना’चं प्रकरण वाचण्याआधी ‘सामना’ पाहावा, शक्य तर घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाबरोबर. त्यांच्या गावातल्या कारखान्याची, सोसायटीची, खडी केंद्राची गोष्ट त्यांना विचारावी आणि लिहून ठेवावी. 1972 साली विशीत असलेली माणसं आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. आणि या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात, या शहराच्या महाविद्यालयांत जी मुलं-मुली आज कॅमेरा हातात धरायला शिकत आहेत, त्यांना मी कळकळीनं सांगतो: नामांतराचा, जायकवाडीचा, ऊसतोडीचा मनात ठसेल असा कथापट अजून झालेला नाही. तो तुम्ही करा.

छत्रपती संभाजीनगर